उन्हाळी सहलीचं नियोजन : एक घरचा प्रकल्प (इयत्ता ५ वी ते ८ वी)



सुट्टी लागली की मुलं विचारतात, "यंदा कुठं जायचं?" मग गाडी, मुक्काम, खर्च सगळं आपणच ठरवतो आणि मुलं खिडकीशी बसतात. या वेळी वही त्यांच्या हातात द्या. भूगोल, गणित, इतिहास, भाषा, सगळं एकाच सहलीत येतं.

मार्ग : लोणंद – खंडाळा – वाई – पाचगणी – महाबळेश्वर – मेढा – सातारा – लोणंद.

१. नकाशा वाचन
जिल्ह्याच्या नकाशावर मार्गावर दोरा ठेवायचा आणि प्रमाणपट्टीवरून अंतर काढायचं. घाटात दोरा कमी भरतो, रस्ता जास्त निघतो. असं का, हे मुलांनाच सांगू द्या. वाई ते पाचगणी अंतर जेमतेम १२-१३ किमी, पण पसरणीचा घाट चढायला वेळ लागतो. म्हणून किलोमीटरसोबत तासही लिहायला लावा.

२. पाण्याची वाट
आपलं लोणंद नीरेच्या खोऱ्यात. खंबाटकी घाट ओलांडला की कृष्णेचं खोरं लागतं. नीरा भीमेला मिळते आणि भीमा पुढं कृष्णेला. म्हणजे घाटाच्या दोन बाजूंचं पाणी शेवटी एकच! जुन्या महाबळेश्वरला उगम पावणारी कृष्णा बंगालच्या उपसागराकडे जाते, तर सावित्री अरबी समुद्राकडे. हे मुलांना नकाशात रंगवू द्या.

३. उंची आणि तापमान
वाई सुमारे ७०० मीटर, महाबळेश्वर सुमारे १३५० मीटर. दर १००० मीटरला तापमान साधारण ६.५ अंशांनी उतरतं. फरक किती येईल? (उत्तर : सुमारे ४ अंश.) आता स्वेटर घ्यायचा का, ते मुलं ठरवतील.

४. खर्चाचं गणित
महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. झोपायची, स्वयंपाकाची सोय असलेली ही गाडी मुलांना फार आवडते. समजा ती लिटरला ८ किमी जाते आणि प्रवास २०० किमी आहे. डिझेल किती लागेल? (२५ लिटर.) त्यात भाडं आणि रात्री गाडी लावायच्या जागेचा खर्च मिळवा.

मग एस.टी.चा हिशोब करा. बाबा (पूर्ण), आई (महिलांना निम्मं), ८ वर्षांची ताई (निम्मं), ७७ वर्षांचे आजोबा (मोफत). चौघांना मिळून किती पूर्ण तिकिटं? (दोन.) साताऱ्याहून परतताना रेल्वेचा पर्यायही लिहायला सांगा.

५. थांबे
वाईला ढोल्या गणपती, पाचगणीजवळ भिलार हे पुस्तकांचं गाव (२०१७ पासून), पुढं प्रतापगड (बांधकाम १६५६). प्रत्येक थांब्यावर एक प्रश्न लिहून न्यायचा. कासची फुलं मात्र पावसाळ्याच्या शेवटी. मे महिन्यात तिथं फुलांचा हट्ट नको.

६. विचार करायला लावणारा प्रश्न
महाबळेश्वरला वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तरी उन्हाळ्यात डोंगरावरच्या वस्त्यांना पाणीटंचाई का? तीव्र उतार आणि खालचा कठीण कातळ, यामुळे बरंचसं पाणी वाहून जातं. म्हणून पाहुण्यांनी पाणी जपून वापरायचं आणि कचरा पिशवीत घालून परत आणायचा, हा नियम मुलांच्याच यादीत असू द्या.

शिक्षकांसाठी एक विनंती : वर्गात सगळ्यांचीच सहल होणार नसते. सुट्टीत कुणी कांद्याच्या वखारीत आईबाबांना मदत करतं, कुणी मामाच्या गावी जातं. म्हणून "कोण कुठं जाऊन आलं?" असं शाळा उघडल्यावर विचारू नका. "कोणी कशी योजना केली?" असं विचारा. गुण वहीतल्या नियोजनाला द्या, फोटोंना नको. नकाशा, दोरा आणि पेन्सिल एवढ्यावर प्रत्येक मूल महाबळेश्वर गाठू शकतं.

पालकांनी एवढंच करावं : मुलाच्या हिशोबात चूक दिसली तर लगेच खोडू नका. "परत एकदा बेरीज करून बघ बरं," म्हणा. आणि प्रत्यक्ष निघालात, तर निदान एक थांबा तरी मुलांनी ठरवलेलाच घ्या.