कोंबुचाचं सामान: पेठेतलं दुकान की ऑनलाइन?



कोंबुचाचा व्हिडिओ टाकल्यापासून दोन प्रश्न सारखे येतायत. पहिला, "सर, त्यापेक्षा घरी बिअरच बनवून विकली तर?" नाही. महाराष्ट्रात 1949 चा दारूबंदी कायदा आहे, आणि परवान्याशिवाय घरी दारू बनवणं हाच गुन्हा आहे, विकणं तर लांबच. कोंबुचा म्हणजे आंबवलेला गोड चहा. पण त्यातही अल्कोहोल 0.5 टक्क्याच्या वर गेलं, तर एफएसएसएआयच्या नियमात ते मद्यच धरतात. म्हणून विक्रीआधी एफएसएसएआयची नोंदणी करा, लॅबमधून एकदा तपासणी करून घ्या आणि भरलेल्या बाटल्या फ्रीजमध्ये ठेवा. बाहेर ठेवलेल्या बाटलीत आंबणं चालूच राहतं.

दुसरा प्रश्न आजचा विषय: सामान कुठून घ्यायचं?

मी स्वतः दुकानदार आहे, त्यामुळे मी दुकानाचीच बाजू घेणार असं तुम्हाला वाटेल. तसं नाहीये. प्रत्येक वस्तूचा हिशोब वेगळा निघतो.

सगळ्यात जास्त पैसा बाटलीत जातो, म्हणून बाटलीपासून सुरुवात करू. खालचे आकडे समजण्यासाठी धरलेत, तुम्ही तुमच्या गावातले टाका. ऑनलाइन 12 बाटल्यांचा बॉक्स 720 रुपयांना दिसतो, म्हणजे एक बाटली 60 ला. दुकानदार सांगतो 68. लगेच वाटतं, हा माणूस लुटतोय! आता कागद घ्या. बॉक्सवर डिलिव्हरी 80, एकूण झाले 800. काच आहे, एक बाटली फुटून आली आणि विक्रेत्याची रिटर्न पॉलिसी नसली, तर हातात 11 राहिल्या. 800 भागिले 11, म्हणजे बाटली पडली साधारण 73 ला. दुकानातून 48 बाटल्या आणल्या, रिक्षाला 150 दिले, तर बाटलीमागे तीन रुपये वाढले. पडली 71 ला. शिवाय प्रत्येक बाटली हातात घेऊन, तोंडावर बोट फिरवून, टवका नाही ना हे बघून घेता आली. ऑनलाइन बॉक्समध्ये एकही फुटली नाही तर तोच भाव 67 च्या आत येतो, हेही खरं. म्हणून ऑनलाइन मागवलीच तर बॉक्स उघडताना मोबाईलवर शूटिंग करा आणि काचेच्या वस्तूवर रिटर्न आहे का, हे पैसे भरायच्या आधी वाचा.

एक सावधगिरी. दिसायला छान म्हणून चौकोनी, पातळ काचेची शोभेची बाटली घेऊ नका, ती कुठूनही घ्या. कोंबुचात गॅस तयार होतो, दाब वाढतो आणि अशी बाटली फुटू शकते. फसफसणाऱ्या पेयासाठी केलेली, जाड काचेची, गोल बाटलीच हवी. दुकानदाराला स्पष्ट विचारा, "सोड्याचा दाब सहन करेल का?" तो घुटमळला तर पुढच्या दुकानात जा. पुण्यात रविवार पेठेत, बोहरी आळीत एका चकरेत चार दुकानं बघून होतात.

आंबवायची बरणी डोळे झाकून जवळच्या भांड्याच्या दुकानातून घ्या. साधी काचेची, रुंद तोंडाची. चिनी मातीच्या बरणीच्या झिलईत शिसं असू शकतं, आणि पितळ, तांबं, ॲल्युमिनियम आंबट पेयाला अजिबात चालत नाही. साखर किराण्यातून. चहा सुटा विकणाऱ्या दुकानातून, आधी 100 ग्रॅमच, बिनवासाची काळी पत्ती. मसाला चहा नको.

ऑनलाइनचा खरा फायदा मोजमापाच्या सामानात आहे. पीएच पट्टी घ्यायला गेलात तर बऱ्याचदा 1 ते 14 ची पट्टी हातात देतात. त्यावर 3 आणि 4 मधला रंग डोळ्याला नीट कळत नाही, आणि आपलं सगळं काम तिथेच असतं: तयार कोंबुचाचा पीएच 4.2 च्या खाली आलाच पाहिजे, 2.5 च्या खाली जाऊ नये. त्यासाठी कमी रेंजची पट्टी लागते. ऑनलाइन रेंज लिहून शोधता येते. मुंबईकरांना प्रिन्सेस स्ट्रीटला प्रयोगशाळेच्या सामानाची दुकानं आहेत, तिथे आधी फोन करून विचारा. पीएच मीटर घेतलात तर 4 आणि 7 चं बफर सोबत घ्या. मीटर त्यावर लावून न घेता मोजलेला आकडा काही कामाचा नाही.

स्कोबी, म्हणजे ती जेलीसारखी चकती, एकदाच लागते. पुढच्या बॅचला ती स्वतःच वाढते. ओळखीत कोणी बनवत असेल तर त्यांच्याकडून मागा, सोबत आंबट द्रवही मागा. ऑनलाइन मागवायची तर एप्रिल-मेच्या उन्हात कुरिअरमध्ये चार दिवस पडणार नाही, असं बघा.

आता बिलाचं. दुकानात विचारतात, "बिल पाहिजे का?" आणि बिलाशिवाय थोडं स्वस्त देतात. बिल घ्या. मालाच्या धंद्यात आपल्याकडे वर्षाची उलाढाल 40 लाखांच्या आत असेल तर साधारणपणे जीएसटी नोंदणी सक्तीची नसते, त्यामुळे भरलेला जीएसटी तुम्हाला परत मिळणार नाही, तो खर्चातच धरा. पण उद्या एखाद्या ग्राहकाची तक्रार आली, तर कुठली बाटली, कुठला चहा, कधी घेतला, हे दाखवायला तोच कागद कामाला येतो. बँकेत कर्जाला गेलात तरी तोच. ऑनलाइनमध्ये बिल आपोआप येतं, एवढं मान्य करावं लागेल.

दुकानाकडून आणखी एक गोष्ट मिळू शकते. तिसऱ्या-चौथ्या खरेदीनंतर दुकानदाराला विचारा, "काका, पुढचा माल आठ दिवसांच्या उधारीवर मिळेल का?" आम्ही दुकानदार नियमित गिऱ्हाइकाला असं देतो, पण आधीची तीन बिलं वेळेवर आली असतील तरच. 48 बाटल्यांचे 3,264 रुपये आठ दिवस तुमच्याकडेच राहिले, तर तेवढ्यात भरलेल्या बाटल्या विकून त्याच पैशातून त्याचं बिल फेडता येतं. आणि शनिवारी संध्याकाळी ऑर्डर आली, सहा बाटल्या कमी पडल्या, तर फोन त्यालाच करायचाय.