गाडीतला उजेड तूच निवड

काय वं, गाडी दारात आली म्हणे! आईचा फोन आला तेव्हा तिच्या आवाजावरूनच कळलं. जुनी ट्रॅव्हलर, मागच्या सीटा काढून दोन्ही अंगांना झोपायच्या फळ्या, खाली भांड्याकुंड्यांचा खण, दाराशी शेगडी. आता रामनवमीला पोहरादेवी, मग शेगाव, माहूर, अन् शेलूबाजारला समृद्धीवर चढलं की थेट शिर्डी. मंगरूळपीरच्या माणसाला आणखी काय पाहिजे?

जवाईबापूंनी मला दुसऱ्याच दिवशी फोन केला. "ताई, तुमच्या दुकानात सगळ्यात पांढरा, सगळ्यात झगझगीत एलईडी कोणता? आतले सगळे बल्ब बदलून टाकतो." मी त्यांना दोन गोष्टी सांगितल्या. बाकीचं तुला सांगते, कारण त्या गाडीत वांगी तू चिरणार, लेकराला रात्री दूध तू पाजणार, अन् दोन वाजता सासूबाईंना उठायचं झालं तर चपला शोधणारीही तूच. जवाईबापू एक तर स्टेअरिंगवर असणार, नाही तर बाहेर सतरंजीवर गप्पा हाणत. म्हणून दिव्यांचं तू बघ.

बल्ब बदलायला पाहिजेत हे मात्र त्यांचं शंभर टक्के खरं. गाडीत आपण उजेडासाठी पैसे मोजतो असं वाटतं, पण मोजत असतो बॅटरी. जुना तारेचा बल्ब विजेतला बहुतेक भाग उष्णतेत घालवतो, उजेड होतो अगदी थोड्याचा. हिशेब कर. छताला दहा-दहा वॅटचे सहा बल्ब असतील तर साठ वॅट. बारा व्होल्टच्या बॅटरीतून पाच अँपिअर ओढले जातात. संध्याकाळी सातला लावले अन् अकराला बंद केले तर वीस अँपिअर-तास गेले. शंभरची बॅटरी असली तरी साध्या लेड-अॅसिड बॅटरीतून निम्म्याच्या वर काढू नये, नाही तर तिचं आयुष्य घटतं. म्हणजे हाताशी पन्नास, त्यातले वीस नुसत्या उजेडात. पंखा, मोबाइलचं चार्जिंग वेगळंच. त्याच जागी दीड-दीड वॅटचे सहा एलईडी बसव, चार तासांत तीन अँपिअर-तास जातात. यात्रेत सकाळी उठून शेजारच्या गाडीवाल्यांना "दादा, जरा धक्का द्या" म्हणणारी माणसं पाहिलीस ना? त्यातल्या कितीकांच्या गाडीत रात्रभर एखादा दिवा चालू राहिलेला असतो.

शिवाय उन्हाळा. आपल्याकडे चैत्रातच पत्रा तापतो, अन् रामनवमी असते चैत्रात. त्यात डोक्यावर सहा तापलेले बल्ब कशाला? जुन्या गाड्यांच्या छताच्या दिव्यावरचं प्लास्टिक बघ, मधोमध तपकिरी पडलेलं असतं. ती त्या बल्बाचीच करणी.

आता रंग. यावर मी जास्त बोलणार आहे, कारण काउंटरवर रोज बघते. गिऱ्हाईक येतं, दोन बल्ब लावून दाखवले की डोळे दिपवणारा निळसर पांढरा उचलतं. दुकानात तो छानच दिसतो. गाडीच्या सहा फुटी खोलीत, डोळ्यांपासून दोन हातांवर, तोच दिवा तासाभरात डोकं उठवतो. खोक्यावर एक आकडा असतो, पुढे इंग्रजी के. २७०० किंवा ३००० म्हणजे जुन्या बल्बासारखा पिवळसर, ४००० म्हणजे मधला, ६००० ते ६५०० म्हणजे तो निळसर. झोपायच्या जागी २७०० किंवा ३०००, शेगडीजवळ ४०००, बस्स. ६५०० गाडीत नकोच.

कारण सांगते. पांढरा एलईडी मुळात निळाच असतो. निळ्या तुकड्यावर पिवळा लेप दिलेला असतो, त्या दोन्हींची मिळून पांढरी झाक येते. तो निळा तुकडा करणं जगाला कैक वर्षं जमलं नव्हतं. जपानच्या आकासाकी, आमानो अन् नाकामुरांना जमलं, म्हणून २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्या तिघांना मिळालं. लेप कमी तेवढा निळा जास्त, अन् निळा जास्त तेवढी झोप दूर. लेकरू चुळबुळ करत राहील. वरून किडे. पावसाळ्याच्या तोंडी शेताकडेला गाडी लावली अन् निळसर दिवा पेटवला, तर आधी पाखरं जेवतील, मग तुम्ही. पिवळसर दिव्यावर ती कमी येतात. येतच नाहीत असं नाही, कमी येतात.

स्वस्तातल्या एलईडीत आणखी एक खोट असते, ती बायकांनाच लवकर कळते. लाल रंग नीट उमटत नाही. तिखट विटकरी दिसतं, वांग्याच्या आतला डाग दिसत नाही, डाळीतला किडा डाळीच्याच रंगाचा होतो. चांगल्या खोक्यावर सीआरआय म्हणून आकडा दिलेला असतो, तो ऐंशीच्या खाली नको. शेगडीवरच्या दिव्याला नव्वदचा मिळाला तर दोन पैसे जास्त दे.

दुसरं म्हणजे व्होल्ट. गाडी १२ व्होल्टची म्हणतात, पण इंजिन चालू असताना बॅटरीला साडेतेरा-चौदाच्या पुढे, कधी १४.४ पर्यंत मिळतात. नुसता १२ लिहिलेला स्वस्त बल्ब ते सोसत नाही. गरम होतो, एकेक टिपका विझत जातो, अन् माणूस म्हणतो एलईडीच खराब. बल्बावर ९ ते ३० किंवा १० ते ३० असं लिहिलेलं घे. त्यात आत छोटं सर्किट असतं, ते वीज सारखी ठेवतं. बल्ब लावल्यावर गाडीचा रेडिओ खरखरायला लागला तर समज, त्या बल्बातलं सर्किट हलकं आहे. म्हणून सगळे एकदम घेऊ नको. एक आण, लाव, रात्रभर ठेव, रेडिओ लावून बघ, हात लावून बघ, मग बाकीचे. ट्रॅव्हलर बहुधा बाराचीच असते, मोठ्या बसा अन् ट्रक चोवीसचे. तरी बॅटरीवर वाचून घे.

या सर्किटातून एक नवीन गोष्ट होते, ती कुणी सांगत नाही. जुना बल्ब बॅटरी उतरायला लागली की मंद व्हायचा, लालसर व्हायचा, आपण समजायचो. चांगला एलईडी तसा मंद होतच नाही. बॅटरी खाली जाईपर्यंत तोच उजेड, अन् मग एकदम अंधार. म्हणून दाराशी आकडे दाखवणारा छोटा व्होल्टमीटर बसवून घे. गाडी उभी, काही चालू नाही, अशा वेळी १२.७ च्या आसपास म्हणजे भरलेली. १२.२ म्हणजे अर्धी झाली, पंखा बंद कर. बाराच्या खाली गेली तर सकाळचा धक्का ठरलेला. इंजिनाची बॅटरी अन् घराची बॅटरी वेगळी ठेवायला जमलं तर ते सगळ्यात उत्तम. जवाईबापूंना खर्च वाटेल, पण तिथे गप्प बसू नको.

आता त्या रंगीत पट्ट्या. मला माहीत आहे, त्यांच्या मनात छताला चारी बाजूंनी पट्टी आहे, लग्नाच्या बसमध्ये असते तशी. एलईडी आहे म्हणजे वीज खात नाही, ही समजूत इथेच फसते. मोठ्या टिपक्यांची, मीटरला साठ टिपके असलेली पट्टी मीटरमागे चौदा वॅटच्या वर खाते. पाच मीटरचं रीळ पूर्ण लावलं की बहात्तर वॅट, सहा अँपिअर. तुझ्या जुन्या सहा बल्बांपेक्षा जास्त! बारीक टिपक्यांची पट्टी मीटरला पाचेक वॅट घेते, ती हातभर शेगडीवर, हातभर पायरीपाशी लाव, हौस फिटेल. अन् उन्हात पट्टीमागचा गोंद सुटतो, पट्टी लोंबते, तार पत्र्याला घासते. गोंदावर विसंबू नको, अॅल्युमिनियमच्या पट्टीत बसवून स्क्रू मारायला लाव. जोड वायर पिळून वर टेप गुंडाळलेला नको, डाग देऊन पक्का केलेला पाहिजे, अन् पट्टीला तिचा वेगळा फ्यूज. फ्यूज उडाला म्हणून मोठा टाकायचा नाही. फ्यूज तारेच्या जिवासाठी असतो, अन् तार तुमच्या अंथरुणामागून गेलेली आहे.

बल्ब बसवणं सोपं आहे, ते तुझं तू करशील. जुना बल्ब काढून सोबत घेऊन जा, फोटो पाठवून नेमका कधीच मिळत नाही. दोन्ही टोकांना टोपी असलेला लांबोळका असेल तर पट्टीने मोज, ३१, ३६, ३९, ४१ अशी मिलिमीटरची मापं असतात अन् दोन-तीन मिलिमीटरने ढिला राहिलेला बल्ब खड्ड्यात डोळे मारतो. पार्किंग लाइटमध्ये असतो तसा काचेच्या बुडाचा असेल तर तो ढकलून बसतो. दाबून फिरवायचा पिनवाला असेल तर उलटा करून बघ, खाली एक ठिपका आहे की दोन. सारखेच दिसणारे दोन बल्ब एकमेकांच्या जागी चालत नाहीत. आणखी एक बघ, टिपके कुठल्या बाजूला आहेत. होल्डर आडवा असेल अन् टिपके बल्बाच्या शेंड्याला असतील तर सगळा उजेड भिंतीवर जातो, ताटात काहीच नाही.

आधी बॅटरीची मायनस वायर काढ. जुना बल्ब थंड होऊ दे. होल्डरची पत्री काळी पडली असेल तर पॉलिशपेपरने घास, प्लास्टिकचं झाकण साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळव. नवा लागला नाही तर घाबरू नको, काढून उलटा लाव. एलईडीला प्लस-मायनस कळतं, तारेच्या बल्बाला ते कळत नव्हतं. पिनवाला उलटा बसत नसेल, तर तिथे वायरिंगवाल्याला होल्डरच्या तारा बदलायला सांग.

घरात उजालाचे नऊ वॅटचे बल्ब आहेत ना, २०१५ पासून सरकारने कोट्यवधी वाटले ते? ते गाडीत लावायचे म्हणून इन्व्हर्टर घेऊ नको. बाराचे दोनशे तीस करायचे अन् बल्बाने पुन्हा आत कमी करायचे, यात वीज दोनदा वाया. बाजारात बारा व्होल्टचे, पण घरच्याच होल्डरचे बल्बही मिळतात, सोलरच्या दिव्यांना लागतात ते. दिसायला हुबेहूब. तो चुकून घरच्या होल्डरमध्ये गेला की फटाका. गाडीच्या बल्बाच्या बुडाला लाल नेलपॉलिशचं बोट लावून ठेव, सासूबाईंनाही दाखव.

अन् रात्रीसाठी एक तांबडा दिवा, अर्ध्या वॅटचा, पायरीजवळ. लाल उजेडात डोळ्यांची अंधाराची सवय मोडत नाही, उठलेल्याला बाहेरचं दिसतं अन् झोपलेल्याची झोप जात नाही. मी सांगितलेल्यांपैकी दुसरं काही केलं नाहीस तरी एवढं कर.

बाहेरच्या दिव्यांना मात्र हात लावू देऊ नको. इंडिकेटरला एलईडी टाकला की तो भराभर लुकलुकतो, कारण रिलेला वाटतं बल्ब गेलाय. ब्रेकलाइट, हेडलाइट बदलले तर तपासणीत अडकायचं. अन् विषय निघालाच आहे तर विचारते, सीटा काढल्या ते वाशिमच्या आरटीओत नोंदवलं का? मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे गाडीत असा बदल परवानगीशिवाय करता येत नाही, अन् अपघात झाला तर विमेवाले पहिल्यांदा तेच काढतात. राज्याने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्यामुळे फिरत्या घराची गाडी ही काही कुणाला नवलाची राहिली नाही. पण कागद लागतातच. आता एमएच-३७ च्या पुस्तकात सतरा सीटा अन् गाडीत शेगडी, असं नको.

दारावरचा बाहेरचा एक दिवा मात्र चांगला मोठा लाव, पाच वॅटचा, पिवळसर, पावसाचं पाणी न शिरणारा, अन् त्याचा स्विच आतून. रोडगे गाडीत थोडेच भाजता येतात? गोवऱ्या बाहेरच पेटणार, कणीक बाहेरच मळली जाणार, तिथे उजेड पाहिजे. गॅसवर काही केलंस तर दार अन् खिडकी उघडी, ही सवय मात्र दिव्यांइतकीच पक्की लावून घे.

तर आता एवढं कर. छताचे किती, कुठल्या मापाचे, पिनचे किती, कागदावर लिही, अन् प्रत्येकापुढे पिवळा की मधला ते तू स्वतः लिही. तो कागद जवाईबापूंच्या हाती दे अन् सांग, ताईने यातलंच आणायला सांगितलंय. पहिला एकच आणा म्हणावं.