औषधाची मुदत आणि औषधाचा प्रवास

औषधाच्या वेष्टनावर मुदत संपण्याचा महिना छापलेला असतो, तशीच साठवणुकीची सूचनाही छापलेली असते. पहिल्या मजकुराकडे रुग्णही लक्ष देतो. दुसरा मजकूर मात्र डॉक्टरांच्याही नजरेतून पुष्कळदा सुटतो. वस्तुतः मुदत ही एक सशर्त हमी आहे. ‘३० अंश सेल्सिअसखाली ठेवावे’ ही अट मोडली गेली, की छापील तारखेचे मोल कमी होते. औषधे घरपोच येण्याच्या आजच्या काळात ही अट वाटेत पाळली गेली की नाही, हे जाणून घेण्याचे साधन रुग्णापाशी बहुधा नसते.

अमेरिकेत टपालाने औषधे पाठविण्याची पद्धत जुनी आहे. तेथील माजी सैनिकांच्या खात्याची बहुसंख्य औषधे टपालानेच घरी पोहोचतात. आपल्याकडे ऑनलाइन औषधविक्रीच्या नियमांचा मसुदा ऑगस्ट २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि कोविडच्या टाळेबंदीत, मार्च २०२० मध्ये, केंद्र शासनाने घरपोच औषधे देण्यास अनुमती दिली. ही सवय पुढे रुजली. मुले पुण्याला वा बंगळूरला आणि आईवडील ग्वाल्हेरला, अशा कुटुंबांत औषधांची मागणी मुलांच्या मोबाइलवरून नोंदविली जाते आणि पुडके लष्करातील घराच्या दाराशी येऊन पडते. ही सोय मोठी आहे आणि ती नाकारण्याचे कारण नाही. परंतु नवतप्याच्या दिवसांत आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि उन्हात उभ्या असलेल्या बंद वाहनात तापमान ६० अंशांच्या आसपास पोहोचू शकते, हे विसरून चालणार नाही.

उष्णतेचा परिणाम कसा होतो?

स्थूलमानाने तापमान १० अंशांनी वाढले, की औषधाच्या विघटनाचा वेग दुप्पट किंवा त्याहून अधिक होतो. म्हणून साधी सरासरी येथे फसवी ठरते. एखादे खोके १२ तास २० अंशांत आणि १२ तास ४० अंशांत राहिले, तर साधी सरासरी ३० अंश येईल. पण औषधशास्त्रात वापरल्या जाणाऱ्या ‘सरासरी गतिज तापमाना’च्या सूत्राने ती सुमारे ३४ अंश येते. रात्रीचा गारवा दुपारच्या उन्हाची पूर्ण भरपाई करू शकत नाही, असा याचा अर्थ होय.

तथापि घाबरून जाण्याचेही कारण नाही. बहुतेक गोळ्या एकदोन दिवसांची उष्णता सहन करतात. अमेरिकेच्या फार्माकोपियानेही सामान्य तापमानात ठेवावयाच्या औषधांना, काही अटींवर, २४ तासांपर्यंत ४० अंशांची मुभा दिली आहे. काचबिंदूसाठी वापरल्या जाणाऱ्या लॅटानोप्रोस्टच्या न उघडलेल्या बाटल्या शीतकपाटात ठेवावयाच्या असतात. तरी तेथील मूळ उत्पादनाच्या माहितीपत्रकात रुग्णाकडे पाठविताना ४० अंशांपर्यंत जास्तीत जास्त ८ दिवसांची सवलत नमूद आहे. अशी सवलत प्रत्येक औषधाला नसते. म्हणून ज्या त्या औषधाचे माहितीपत्रक वाचणे, हाच खरा मार्ग.

इन्सुलिन, थायरॉक्सिन आणि जिभेखाली ठेवावयाच्या नायट्रोग्लिसरीनच्या गोळ्या यांविषयी विशेष दक्षता हवी. थायरॉक्सिनच्या मात्रेत थोडाही फरक रक्ततपासणीत दिसतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००७ मध्ये त्याच्या परिणामक्षमतेची मर्यादा ९५ ते १०५ टक्के इतकी कडक केली, ती यामुळेच. नायट्रोग्लिसरीन तर उडून जाणारे द्रव्य. मूळ काचेच्या बाटलीबाहेर काढताच ते क्षीण होऊ लागते.

बर्फाचा धोका

उष्णतेइतकाच, इन्सुलिनच्या बाबतीत तर अधिकच, धोका गोठण्याचा आहे. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवावयाचे असते. एकदा गोठलेले इन्सुलिन वितळल्यावरही वापरू नये. फ्रीजरमधून काढलेली बर्फाची पिशवी थेट इन्सुलिनला चिकटवून पुडके बांधले, तर काळजी घेण्याच्या हेतूनेच औषधाचा नाश होतो. लसीकरण मोहिमेत काम केलेल्यांना ठाऊक आहे, की आइसपॅक बाहेर काढून त्याला पाझर फुटेपर्यंत आणि हलविल्यावर आतील पाण्याचा आवाज येईपर्यंत थांबावे लागते. तोच नियम येथेही लागू आहे.

पोलिओ लसीच्या कुपीवर १९९६ पासून उष्णतादर्शक खूण आली. आतील चौकोन बाहेरच्या वर्तुळापेक्षा फिकट असेतो लस वापरण्यायोग्य, हे आपल्या स्वयंसेवकांनाही कळते. घरी येणाऱ्या इन्सुलिनच्या कुपीवर अशी खूण सहसा नसते. गढूळ इन्सुलिनमध्ये गुठळ्या दिसल्या तर निदान संशय तरी येतो. पारदर्शक इन्सुलिन मात्र शक्ती गमावूनही स्वच्छच दिसू शकते.

चिकित्सकाने विचारावयाचा प्रश्न

मे महिन्यात एखाद्या रुग्णाची साखर अकारण वाढली, तर आपण आहाराची चौकशी करतो आणि मात्रा वाढवितो. इन्सुलिनच क्षीण झालेले असेल, तर ही वाढविलेली मात्रा पुढील चांगल्या कुपीतून घेतली जाईल आणि साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरेल. एकट्या राहणाऱ्या वृद्धाच्या बाबतीत रात्री असे घडल्यास ते प्राणावर बेतू शकते. म्हणून मात्रा बदलण्यापूर्वी ‘औषध कोठून आले, कसे आले आणि कोठे ठेवले?’ हे अवश्य विचारावे. संशय असल्यास आधी कुपी बदलावी व नवी कुपी सुरू करताना साखर वारंवार तपासावी.

रुग्णांस पुढील सूचना द्याव्यात :

१. इन्सुलिन शक्यतो ओळखीच्या दुकानातून, सकाळी वा सूर्यास्तानंतर, थंड पिशवीतून आणावे.

२. घरपोच मागवायचे असल्यास स्वीकारण्यास घरी कोणी असेल असाच दिवस निवडावा. पुडके लगेच उघडून, ते गार आहे की तापलेले, हे पाहावे. तापलेले वा गोठलेले असल्यास त्याची नोंद करून परत करावे.

३. शीतकपाटात इन्सुलिन मधल्या फळीवर ठेवावे. दारात किंवा बर्फाच्या कप्प्यालगत नव्हे.

४. शीतकपाट नसेल तर ओल्या मातीच्या मडक्याचा उपयोग होतो. मात्र औषध कोरडे राहील अशा डबीत ठेवावे. कोरड्या उन्हाळ्यात मडके चांगला गारवा देते; पावसाळ्यात वा गोव्यासारख्या दमट हवेत तो गुण उणावतो.

५. गोळ्या स्वयंपाकघरात, न्हाणीघरात वा मोटारीत ठेवू नयेत.

वीज गेली म्हणून वापरात असलेले इन्सुलिन लगेच फेकून देण्याची आवश्यकता नाही. केनियातील दादाब निर्वासित छावणीतील तापमान डोळ्यांपुढे ठेवून केलेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, रोज २५ ते ३७ अंशांत बदलणाऱ्या तापमानात ४ आठवडे ठेवलेल्या मानवी इन्सुलिनची शक्ती टिकून राहिल्याचे आढळले. हा निष्कर्ष ३७ अंशांपर्यंतचा आहे. आपल्या दुपारच्या ४५ अंशांचा नव्हे.

औषधयोजना लिहून दिली म्हणजे चिकित्सकाचे कर्तव्य संपत नाही. ते औषध रुग्णाच्या शरीरात पूर्ण शक्तीनिशी पोहोचावे, यासाठी औषधपत्रावर मात्रेखाली साठवणुकीची एक ओळ रुग्णाला समजेल अशा भाषेत लिहिण्याची सवय आपण सर्वांनी लावून घ्यावी. या एका ओळीस अर्धे मिनिटही लागत नाही.