फाउंटन पेनाचे अडखळणे

प्रश्न : नव्या स्वस्त फाउंटन पेनाचे अक्षर मध्येच तुटते, उपाय काय?

उत्तर : शाई निबाच्या चिरेपर्यंत येते ती केशाकर्षणाने, म्हणजे अरुंद फटीत द्रव आपोआप ओढला जाण्याच्या गुणधर्माने, म्हणून निबाखालच्या खोबणीदार फीडमध्ये कारखान्यातील तेलाचा अंश राहिला, तर कोरे पेनही अडखळते. अशा वेळी भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब घातलेल्या कोमट पाण्याने ते धुऊन, पुन्हा साध्या पाण्याने खळखळून वाळवणे बहुधा पुरेसे ठरते; कढत पाणी व स्पिरिट मात्र प्लॅस्टिकला घातक असतात. तरीही रेघेचा आरंभच उमटत नसेल, तर अति घासल्यामुळे चिरेच्या आतील कडा टोकाशी गोलावल्या आहेत आणि शाई कागदाला टेकत नाही, असे समजावे. त्यावर हौशी घासकाम करण्यापेक्षा निबच बदलणे स्वस्त पडते. लाखयुक्त ड्रॉइंग इंक अशा पेनात कधीही भरू नये.