संगणक, स्थिर विद्युत आणि कोकणची हवा

कुडाळ तालुक्यातील पिंगुळी हे गाव चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या छायाबाहुल्यांच्या परंपरेमुळे सर्वपरिचित आहे. ही परंपरा जपणारे येथील कलावंत परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. कागदी चित्रे व चामड्याच्या बाहुल्या दमट हवेपासून जपाव्या लागतात. आता घरोघरी, शाळेत आणि पंचायतीत आलेल्या संगणकालाही दमट हवा मानवत नाही. मात्र संगणकाच्या एका शत्रूला हीच हवा काही अंशी आवर घालते. तो शत्रू म्हणजे स्थिर विद्युत होय.

कोरड्या केसांवरून फिरवलेला प्लॅस्टिकचा कंगवा कागदाचे कपटे ओढून घेतो, नायलॉनचे वस्त्र अंगावरून काढताना चटचट आवाज येतो. ही सर्व स्थिर विद्युतेचीच रूपे. दोन भिन्न पदार्थ एकमेकांवर घासले जाऊन विलग झाले की त्यांवर विद्युतभार साचतो. दमट हवेत पृष्ठभागावर पाण्याचा अतिसूक्ष्म थर असतो व त्यातून हा भार ओसरून जातो. अत्यंत कोरड्या हवेत गालिच्यावरून चालणाऱ्या माणसाच्या अंगी सुमारे ३५,००० व्होल्टपर्यंत दाब निर्माण होऊ शकतो. तर आर्द्रता ६५ टक्क्यांहून अधिक असता तो सुमारे १,५०० व्होल्ट राहतो. मे महिन्यातील दुपारी नागपूर-अकोल्याकडे हा धोका अधिक, हे यावरून उघड आहे.

परंतु म्हणून कोकणवासीयांनी निर्धास्त राहावे असे नाही. बोटाला ठिणगी जाणवण्यास साधारणतः ३,००० व्होल्ट दाब लागतो. संगणकातील अनेक चिप मात्र काहीशे व्होल्टनेच, तर काही त्याहूनही कमी दाबाने निकामी होतात. म्हणजे दमट हवेतील १,५०० व्होल्ट माणसाला जाणवत नाहीत, पण चिपचा घात करू शकतात. शिवाय चिप प्रत्येक वेळी तत्काळ बंद पडते असे नाही. ती दुबळी होते, काही आठवड्यांनी चुका करू लागते आणि दोष बहुधा विजेच्या कमी-अधिक दाबावर ढकलला जातो.

कोकणात संगणक उघडण्याचे प्रसंगही अधिक येतात. पावसाळ्यानंतर यंत्र सुरू होत नाही, नुसते ‘बीप’ वाजते. मग रॅमची पट्टी काढून तिचे सोनेरी संपर्क खोडरबराने घासण्यात येतात. हा उपाय बराच प्रचलित आहे आणि अनेकदा लागूही पडतो. मात्र घासणे हीच भार निर्माण करण्याची क्रिया आहे, याचे भान क्वचितच ठेवले जाते. टेरिलीनचा सदरा, प्लॅस्टिकची खुर्ची आणि वातानुकूलनाने कोरडी झालेली खोली यांची त्यात भर पडली, तर दुरुस्तीतूनच नवा बिघाड उद्भवतो. जन्म-मृत्यूच्या दाखल्यांसाठी ग्रामस्थ खोळंबले असता पंचायतीला हा बिघाड परवडणारा नसतो.

यासाठी संगणक रीतसर बंद करून प्लग काढावा आणि लाकडी मेजावर काम करावे. पट्टीला हात लावण्यापूर्वी, व नंतरही अधूनमधून, पेटीच्या रंग न दिलेल्या धातूच्या भागाला स्पर्श करावा, म्हणजे देह व यंत्र यांच्यातील दाबाचा फरक नाहीसा होतो. पट्टी कडांनी धरावी. सुटे भाग साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीत वा थर्माकोलवर न ठेवता मूळच्या चंदेरी पिशवीत ठेवावेत. धूळ काढण्यासाठी घरगुती व्हॅक्यूम क्लीनर वापरू नये. त्याच्या प्लॅस्टिक नळीवरच भार साचतो. तंत्रज्ञ मनगटाला जो पट्टा बांधतात त्यात सुरक्षिततेसाठी दहा लाख ओहमचा रोध असतो. त्याऐवजी साधी तार मनगटाला गुंडाळणे हा जिवाशी खेळ ठरेल. वीजपुरवठ्याची आतील बंद पेटी तर कोणीही उघडू नये.

येथे एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. चालू संगणकाच्या पेटीला हात लावताच बोटांना सतत मुंग्या येतात, त्याला पुष्कळ लोक स्थिर विद्युत समजतात. स्थिर विद्युतेचा झटका क्षणिक असतो. सततच्या मुंग्या हे अर्थिंग नसल्याचे किंवा तुटल्याचे लक्षण होय. वीजपुरवठ्याच्या पेटीतून जी अल्प गळती होते ती तिसऱ्या, जाड पिनेवाटे जमिनीत जावयास हवी. ती पिनच मोडून दोन भोकांच्या बोर्डात प्लग बसवण्याची सवय अनेक ठिकाणी दिसते. ती सर्वथा त्याज्य होय. जांभ्याची जमीन उन्हाळ्यात सुकते व अर्थिंगचा रोध वाढतो, म्हणून त्या खड्ड्यात पाणी घालत जावे आणि परवानाधारक तारतंत्र्याकडून तपासणी करून घ्यावी.

उत्तम अर्थिंगही आकाशातील विजेपासून संगणकाचे रक्षण करील, असे मात्र मानू नये. मे महिन्याच्या अखेरीस आणि ऑक्टोबरमध्ये ढग गडगडण्याची चिन्हे दिसताच, वादळ जवळ येण्यापूर्वी, विजेचा प्लग तर काढावाच, शिवाय दूरध्वनी वा इंटरनेटची तारही सोडवून ठेवावी. या दुसऱ्या तारेचाच सहसा विसर पडतो.