धरण झाले, पण रस्ता कोठे गेला?
(ऊस विकास विभागाकडून)



ऊस शेतात कितीही चांगला साधला, तरी तो रस्त्यानेच काट्यावर येतो. म्हणून या अंकात बेणे आणि खते बाजूला ठेवून रस्त्याचा विषय घेतला आहे. गावाला धरण किंवा तलाव मंजूर झाला की पाणी किती मिळणार हे आपण पहिल्यांदा विचारतो. रस्ता कोठून जाणार, हे विचारायचे राहून जाते.

माळशेज घाट उतरला की मुरबाड, आणि त्याला लागून शहापूर. ठाणे जिल्ह्यातले हे भाताचे तालुके. तिकडे साखर कारखाना नाही, पण धरणांचा अनुभव दांडगा. शहापुरात तानसा आणि भातसा, मुरबाडात बारवी. शेजारच्या मोखाडा तालुक्यात मुंबई महापालिकेने वैतरणा नदीवर मध्य वैतरणा धरण बांधले. त्याची उंची शंभर मीटरच्या वर आहे. शहापूरच्या विहीगावाहून खोडाळ्याला जाणारा रस्ता आता या जलाशयावरच्या उंच पुलावरून जातो. नदीला पुरणारा पूल जलाशयाला पुरत नाही, हा पहिला धडा.

दुसरा धडा बारवीचा. औद्योगिक विकास महामंडळाचे हे धरण 1972 सालचे. पुढे त्याची उंची वाढवली आणि 2019 च्या पावसाळ्यात पाणी नव्या पातळीला चढले. तोंडली, काचकोली आदी गावच्या लोकांना घरे सोडावी लागली. धरण जुने असले तरी उंची वाढली की बुडीत नवे होते. म्हणून रस्ता एकदाच हलवायचा, पण पुढचा विचार करून हलवायचा.

आता रस्ता धरणापासून दूर का हवा, ते पाहू.

1) बुडिताच्या बाजूला : नुसती पूर्ण संचय पातळी पाहून भागत नाही. पुराच्या वेळी पाणी त्याच्याही वर चढते आणि ओढ्यानाल्यांतून मागे फुगते. रस्ता त्या फुगवट्याच्या वर पाहिजे. नाहीतर ऐन पावसाळ्यात वस्ती तुटते.

2) भरावाच्या माथ्यावर : मातीच्या भरावाचा माथा म्हणजे गाडीवाट नव्हे. दोन ट्रॉल्यांचा भरलेला ट्रॅक्टर वीस टनांच्या घरात जातो. चाकोऱ्या पडतात, त्यांत पाणी साचते, ते भरावात मुरते आणि माथा खचू लागतो.

3) भरावाच्या पायथ्याशी : पायथा कोरून रस्ता काढला तर भरावाचा आधार जातो, आणि झिरपा वाहून नेणारी चारी बुजते. सांडव्याच्या वाटेत तर रस्ता नकोच.

म्हणजे रस्ता हलवणे रास्तच. पण वळसा किती पडणार? समजा, एका बाजूने 8 किलोमीटर वाढले. जाऊन-येऊन 16. हंगामात एका शिवारातून शंभर खेपा झाल्या, तर 1600 किलोमीटरचे डिझेल जादा. तोडणी-वाहतुकीचा खर्च शेवटी ऊसबिलातूनच वजा होतो. शिवाय तोडलेला ऊस चोवीस तासांत गाळला गेला पाहिजे. वाटेत रखडला की वजनही घटते आणि उताराही. त्यातून रुग्णाला दवाखान्यात न्यायचे आणि पोरांनी शाळा गाठायची, त्याचा हिशेब तर काट्यावर होतच नाही.

कायदा याबाबतीत आपल्या बाजूने आहे. 2013 च्या भूसंपादन कायद्याप्रमाणे पुनर्वसित गावाला जवळच्या पक्क्या रस्त्यापर्यंत बारमाही जोडरस्ता द्यावा लागतो, आणि पाटबंधारे प्रकल्पात जमीन बुडण्याच्या सहा महिने आधी पुनर्वसन पुरे व्हावे लागते. मुरबाडच्याच काळू धरणाचे काम वनखात्याच्या मंजुरीवाचून सुरू झाले, तेव्हा 2012 साली उच्च न्यायालयाने ते थांबवले. भिंत आधी आणि बाकीचे मागून, हे चालत नाही.

म्हणून ग्रामसभेत नकाशा भिंतीवर लावायला सांगा आणि तीन गोष्टी लेखी घ्या : बुडिताची रेघ पुरासकट कोठवर आहे? नवा रस्ता पाणी अडवण्याआधी पुरा होणार का? शेतावर जाणाऱ्या पाणंदी त्याला कोठे जोडणार? मोठा रस्ता होतो आणि पाणंद तुटते, असे पुष्कळ ठिकाणी घडते. मग ऊस बांधावरच अडकतो.

आणि एक आपल्या हातातले. जवळ पडते म्हणून पाझर तलावाच्या भरावावरून उसाची वाहने नेऊ नका. ज्या शिवारात दुसरी वाटच नाही, तिथल्या सभासदांनी तोडणी लागण्याच्या आधी गट ऑफिसला कळवावे, म्हणजे वाहतुकीचा मार्ग अगोदर ठरवता येईल. तलाव फुटला तर खालचे ऊसही आपलेच आहेत आणि घरेही आपलीच आहेत.

— ऊस विकास अधिकारी