गाठ निघाली, मग गोळी कशाला?

प्रश्न : माझं वय ४८. जठरातली ‘जिस्ट’ या कर्करोगाची गाठ शस्त्रक्रियेने काढली. ती परत येण्याचा धोका जास्त म्हणून ३ वर्षं इमॅटिनिब सांगितलंय. सकाळी पापण्या सुजतात, पोटऱ्यांत गोळे येतात. गोळी बंद करू का? स्कॅन जवळ आला की झोपही उडते.
— एक वाचक, सांगली

उत्तर : गोळी स्वतःहून बंद करू नका. गाठ निघाली तरी न दिसणाऱ्या पेशी उरू शकतात. जिस्टच्या बहुतेक गाठींत ‘किट’ जनुकात बिघाड असतो. त्यामुळे पेशींना वाढीचा सतत मिळणारा हुकूम हे औषध रोखतं.

पापण्यांची सूज आणि पोटऱ्यांतले गोळे हे या औषधाचे नेहमीचे त्रास आहेत. गोळी जेवणाबरोबर, मोठा पेलाभर पाण्यासोबत घ्या. वजन झपाट्याने वाढलं, धाप लागली किंवा शौचाला काळं झालं, तर लगेच डॉक्टरांना गाठा. काढे, चूर्णं, वेदनाशामकं त्यांना विचारल्याशिवाय नकोत.

स्कॅनआधीची धास्ती अनेक रुग्णांना छळते. तो मनाचा दुबळेपणा नव्हे. स्कॅननंतर शक्य तितक्या लवकर डॉक्टरांची वेळ घ्या, सोबत घरचं कुणी न्या. झोप उडतच राहिली तर समुपदेशकाची मदत मोकळेपणाने मागा. उपचारांइतकाच तोही तुमचा हक्क आहे.